चार वाजायच्या आत

"कुणाच्या रानात झोपता तुम्ही?" बाबांचा पहिला प्रश्न. आमच्या वाईकडं रान म्हणजे शेत.

"सरकारच्या."

"भाडं?"

"घेत नाहीत."

"लाईट-पाणी?"

"देत नाहीत."

"रखवालदार?"

"तोही नसतो."

फोनवर थोडा वेळ नुसती खरखर. मग बाबा म्हणाले, "आपल्याकडं ऊसतोडवाले असेच राहतात की. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही."

बाबांचं चूक नव्हतं. फरक एवढाच, की ऊसतोडवाल्यांना दुसरा इलाज नसतो आणि आम्ही त्यासाठी पदरचे सोळा हजार डॉलर मोजले होते.

अमेरिकेत नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि डेन्व्हरजवळ दहा वर्षं राहूनही मला हा फरक धड माहीत नव्हता. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन हे पार्क. गेटवर पैसे, आखून दिलेल्या जागा, कित्येक महिने आधी बुकिंग. नॅशनल फॉरेस्ट मात्र कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडं येतात. १९०५ साली सुरू झालेल्या या सर्व्हिसच्या ताब्यात आज १५४ फॉरेस्ट आहेत आणि जमीन सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे अडीच महाराष्ट्र. तिथं लाकूडतोड होते, गुरं-मेंढरं चरतात, शिकार चालते आणि माणसं मुक्कामही करतात. आखलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, जिथं नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, अशा ठिकाणी राहण्याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवस राहू देतात. फुकट. या 'फुकट'नं आमचा घात केला.

त्यासाठी ट्रक कॅम्पर घ्यायचं ठरलं, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची खोली. ट्रेलरसारखी मागून ओढायची नाही, गोगलगाईसारखी पाठीवर घ्यायची. त्यामुळं ट्रेलर जिथं वळतच नाही अशा अरुंद, दगडी रस्त्यांवरही जाता येतं. आम्ही जुना पॉप-अप घेतला. त्याचं छत मुक्कामाला पोचल्यावर डोक्यानं आणि दोन्ही हातांनी वर रेटायचं, की चारी बाजूंनी जाड कापडाच्या भिंती उभ्या राहतात. आत पलंग, दोन बर्नरची शेगडी, फ्रिज, हीटर आणि उभं राहून पँट चढवता येईल एवढी मोकळी जागा.

आमच्याकडं आधीपासून हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला पिकअप होता. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर वजन नको. आमचा आकडा १,६१२. कॅम्परच्या माहितीपत्रकात लिहिलेलं वजन १,४८०. वजाबाकी पहिलीतलं पोरही करेल: उरले १३२ पौंड आणि माझं एकट्याचं वजन १७५. पण विकणारा म्हणाला, "आरामात बसेल, सगळे असेच नेतात." हे वाक्य मी आयुष्यभर वडापच्या जीपमध्ये ऐकत आलो होतो. तरी विश्वास ठेवला.

मग एका रविवारी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी चढवली. बटण दाबायचं, आतल्या बाईशी माइकवर बोलायचं, मग पावती घ्यायची. पुढच्या ॲक्सलचं वजन, मागच्याचं आणि एकूण. कारखान्याच्या काट्यावर बाबांबरोबर उसाच्या ट्रॉलीत रात्री काढलेला माणूस मी, काटा पाहिला की अजून पोटात गोळा येतो. पण इथं काटा मारण्यात कुणाचाच फायदा नव्हता. माहितीपत्रकातलं वजन कोऱ्या, रिकाम्या कॅम्परचं असतं. त्यात फ्रिज नाही, बॅटऱ्या नाहीत, चार जॅक नाहीत, गॅसच्या टाक्या नाहीत. पाण्याची टाकी २४ गॅलनची. गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पौंड, म्हणजे नुसतं पाणीच २०० पौंड. त्यावर भांडीकुंडी आणि आम्ही दोघं. स्टिकरपेक्षा ९९० पौंड जास्त. साडेचार क्विंटल.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बैल खाली बसला असता."

बैल शहाणा. आमचा ट्रक बसला नाही. त्यानं मागचं बूड टेकलं आणि दिवे आभाळाकडं करून चालत राहिला. मागच्या स्प्रिंगला एअर बॅग लावल्या की बूड वर येतं, असं दोघातिघांनी सुचवलं. बूड येतं वर, पण स्टिकरवरचा आकडा होता तिथंच राहतो. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, टायर तेच. शेवटी तो ट्रक विकला आणि त्याच्या वरच्या वर्गातला जुना थ्री-क्वार्टर-टन घेतला. स्टिकर ३,०६०. या भानगडीत अख्खा वसंत गेला आणि बायको त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, तेच जास्त झोंबलं.

कॅम्पर चढवणं हा दोन माणसांचा खेळ आहे. तो चार जॅकवर तरंगत उभा असतो आणि त्याच्या पोटाखाली ट्रक रिव्हर्समध्ये घालायचा. हौद्यात चाकांवरचे उंचवटे असतात, त्यांच्यात आणि कॅम्परच्या बुडात दोन्हीकडं जेमतेम दोन-दोन बोटं जागा. आरशात यातलं काही दिसत नाही. पहिल्याच दिवशी बायको मागं उभी राहिली आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… थांब!" तिचे वडील एसटीत कंडक्टर होते. "थांब"चा हेल असा, की माझा पाय डोक्याला न विचारता ब्रेकवर गेला. मग चारी कोपऱ्यांना टर्नबकल, म्हणजे पिळून घट्ट करायचे आकडे, अडकवून आवळायचे आणि पंचवीस-तीस मैलांवर गाडी थांबवून परत आवळायचे, कारण वाटेत कॅम्पर हौद्यात खाली बसतो आणि जे घट्ट होतं ते सैल होतं. हे आम्ही कधी चुकवलं नाही. बाकी सगळं चुकवलं.

जुलैचा शेवटचा शुक्रवार. नैऋत्य कोलोरॅडोतल्या सॅन वान पर्वतात आठवडाभर राहायचं ठरलं होतं. सकाळी सातला निघायचं होतं, निघालो साडेअकराला. ११,३१२ फूट उंचीवरच्या मोनार्क पास या खिंडीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकांच्या मागं कण्हत चढलो. गनिसन, माँट्रोझ, युरे. युरेपासून सिल्व्हर्टनकडं जाणाऱ्या रस्त्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. दक्षिणेकडं जाताना आपली लेन दरीच्या बाजूची आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांना बर्फ दरीत लोटता यावा म्हणून ठेवलेला नाही म्हणतात. पसरणी घाटात लहानाचा मोठा झालो म्हणून मी मिरवत होतो. अडीच टनांची खोली पाठीवर घेऊन हा घाट चढताना — बायको मागून दुरुस्त करतेय, सव्वा टनाची — तोंडून शब्द फुटला नाही. सव्वा तर सव्वा. त्या वळणांवर अडीच वाटत होती.

सिल्व्हर्टन मागं टाकलं तेव्हा साडेसात वाजून गेले होते. त्यात शुक्रवार. फॉरेस्टच्या मातीच्या रस्त्याला लागलो तर प्रत्येक बऱ्या जागेवर कुणीतरी टेकलेलं. तंबू, ट्रेलर, कुत्री, खुर्च्या. एक वळण, भरलेलं. दुसरं, भरलेलं. कुठल्या रस्त्यावर, ते सांगत नाही. या मंडळींत एक अलिखित नियम आहे, की जागेचा पत्ता चारचौघांत द्यायचा नाही. आणि तो नियम मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा कंजूषपणाचा वाटला होता, आता वाटत नाही.

इथं नकाशाचं सांगायला हवं. फॉरेस्ट सर्व्हिस प्रत्येक फॉरेस्टसाठी मोटर व्हेइकल यूज मॅप काढते, त्याला सगळे एमव्हीयूएम म्हणतात. काळा-पांढरा, फुकट आणि दिसायला अगदी रुक्ष. ना डोंगराचा रंग, ना झाडांचा. पण कायदा त्यात आहे. ज्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे तेवढाच रस्ता त्यात असतो. नकाशात नाही म्हणजे जमिनीवर दिसला तरी तो तुमच्यासाठी नाही. ज्या रस्त्यांच्या कडेला गाडीसकट मुक्काम चालतो त्यांच्या बाजूनं बारीक ठिपके असतात. कुठं रस्त्यापासून ३०० फुटांपर्यंत, कुठं त्याहून कमी, ते कोपऱ्यातल्या तक्त्यात.

हा नकाशा सीटखाली होता. माझ्या हातात होता फोन. त्यातल्या ॲपवर डावीकडं एक रस्ता गेलेला दिसला आणि शेवटी नदीकाठी मोकळी जागा. घेतली डावी. पाचशे पावलांवर झाडं दोन्ही अंगांनी कॅम्परला घासू लागली. आणखी पुढं रस्त्यावर एक ओंडका आडवा, बऱ्याच वर्षांचा, शेवाळलेला. म्हणजे हा रस्ता केव्हाच बंद केलेला. वळायला जागा नाही. आणि नेमका तेव्हा पाऊस आला.

इथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून ओलावा येतो आणि दुपारनंतर डोंगरावर ढग फुटतात. त्या वर्षी तो लांबला होता. मोसमातला पहिला खरा पाऊस आमच्याच डोक्यावर पडला. तिथली माती भिजली की साबण होते.

बायको न बोलता उतरली. डोक्याला टॉर्च बांधला, मागं गेली. पावणेनऊला अंधारात, पावसात, रिव्हर्समध्ये निघालो. आरशात मला फक्त एक उजेडाचा ठिपका दिसत होता आणि उघड्या खिडकीतून आवाज येत होता. "येऊ दे… येऊ दे… डावीकडं दाब… अरे डावीकडं, तुझ्या डावीकडं! थांब!" थांबलो की ती दगड बाजूला करायची किंवा फांदी धरून ठेवायची. परत "येऊ दे". जे अंतर पुढं जाताना पाच मिनिटांत कापलं त्याला उलटं पन्नास मिनिटं लागली. छताच्या कडेला एक फांदी लागून हातभर ओरखडा पडला, तो अजून आहे. मुख्य रस्त्यावर आलो तेव्हा ती आत येऊन बसली, ओलीचिंब, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, "नकाशा दे."

ती रात्र आम्ही एका रीतसर कॅम्पग्राउंडमध्ये काढली. एक जागा कशी कोण जाणे उरली होती. पाकिटात २६ डॉलर घालून लोखंडी नळकांड्यात टाकले. आमची पहिली फुकटची रात्र.

सकाळी दहाला बाहेर पडलो आणि चित्रच वेगळं. जे निघणारे असतात ते नऊ-दहाला आवराआवर करतात. दहा ते बाराच्या दरम्यान जागा रिकाम्या होतात, दुपारी त्या एकेक करून भरतात आणि चारनंतर तुम्ही दुसऱ्यांच्या खुर्च्या मोजत फिरता. शनिवारी सकाळीही आम्हाला तीन जागा दिसल्या. बायकोनं तिथल्या तिथं फर्मान काढलं: यापुढं चार वाजायच्या आत गाडी उभी, नाहीतर पैसे भरून कॅम्पग्राउंड, आणि नवीन फाट्यावर आधी पायी, मग गाडी.

पहिली जागा मला भलतीच आवडली. सपाट, झऱ्याचा आवाज येईल इतक्या अंतरावर, उंच स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या सावलीत. मी खाली बघत होतो, चाकं कुठं येतील ते. बायको वर बघत होती.

"यांना पानं का नाहीत?"

सॅन वानमधले स्प्रूस बीटल नावाच्या किड्यानं मोठ्या प्रमाणावर मारलेत. तांदळाच्या दाण्याएवढा किडा, सालीखाली शिरतो, अळ्या आतला जिवंत थर खातात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. वाळलेलं झाड वर्षानुवर्षं करड्या खांबासारखं उभं राहतं आणि मग एखाद्या वाऱ्याच्या रात्री पडतं. आमच्या जागेभोवती असे सात खांब मी मोजले. एकाची साल हातानं ओढली तर साडीच्या काठासारखी लांबच लांब निघून आली आणि तिच्या आतल्या बाजूला नक्षी कोरलेली, एका उभ्या रेघेतून दोन्हीकडं फुटलेल्या बारीक रेघा. सुंदर होती. तिथून निघालो.

दुसऱ्या जागेवर ॲस्पेनची कोवळी झाडं, आधीच्यांनी केलेलं दगडांचं चुलाण आणि चाकांनी कडक झालेली जमीन. अशीच जागा घ्यायची. आधी वापरलेली, म्हणजे नवं गवत मरत नाही. गाडी सपाट हवी, नाहीतर झोपेत डोकं खाली जातं आणि जुना गॅसवरचा फ्रिज रुसतो. बायकोनं ओट्यावर वाटीभर पाणी ठेवलं आणि ती वाटीकडं बघत सांगत राहिली, मी डाव्या पुढच्या चाकाखाली एक फळी, मग दुसरी असं करत गेलो. वाटीतलं पाणी काठाला सारखं आल्यावर इंजिन बंद. साडेअकरा वाजले होते. उंची १०,४०० फूट.

या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे उकळ्या फुटतात, वाफ येते, सगळं दृश्य बरोबर, पण डाळ तशीच टणक. इकडची मंडळी पाण्यात भिजवून खायची पाकिटं आणतात. आम्ही कुकर आणला होता. घरी तीन शिट्ट्यांत होणाऱ्या तुरीला सहा लागल्या. त्या शांततेत पहिली शिट्टी झाली तेव्हा समोरच्या दगडावरचा मार्मॉट, खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी, उभाच्या उभा राहिला आणि त्यानंही एक शिट्टी मारली. तो रोज संध्याकाळी यायचा. दिसायला गोंडस असला तरी हा प्राणी गाडीखाली शिरून पाण्याचे होज कुरतडतो, त्यामुळं रोज बॉनेट उघडून बघणं आलं.

अस्वलं आहेत, पण काळी. कोलोरॅडोतलं शेवटचं ज्ञात ग्रिझली याच सॅन वानच्या दक्षिण भागात १९७९ साली मारलं गेलं. काळं अस्वल माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, डब्याच्या वाटेला जातं. आणि आमच्या भिंती कापडाच्या. त्यामुळं रात्री चिवड्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळं ट्रकच्या केबिनमध्ये, दारं लॉक करून. बायकोनं सुरळीच्या वड्या केबिनमध्ये ठेवल्या आणि मी त्या रात्री दोनला जाऊन खाल्ल्या, हे इथं पहिल्यांदा कबूल करतोय.

खरा हिशोब पाण्याचा. २४ गॅलन म्हणजे साधारण ९० लिटर, दोघांना सहा दिवस. घरी एका आंघोळीत जातं त्याहून फार जास्त नाही. भांडी आधी कागदानं पुसायची, मग वाटीभर पाण्यात. आंघोळ म्हणजे ओला टॉवेल. संडासासाठी कॅसेट होती, सुटकेससारखी ओढून काढायची टाकी. ती भरली की गावातल्या डंप स्टेशनवर नेऊन उपडी करायची. पहिल्यांदा ते करताना मी नाकाला रुमाल बांधला होता. शेजारचे टेक्सासचे आजोबा म्हणाले, वारा कुठून येतोय ते बघून उभा राहा, रुमाल लागणार नाही. कॅसेट नसेल तर खड्डा: सहा ते आठ इंच खोल, पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सत्तर मोठी पावलं लांब. कागद परत पिशवीत घालून आपल्याबरोबर आणायचा.

सोमवारी सकाळी फिकट हिरवा पिकअप आला. फॉरेस्ट सर्व्हिसची रेंजर, तिशीतली, गणवेशाच्या बाहीला राख लागलेली. किती दिवस, कधी निघणार, विचारलं. बोलता बोलता तिची नजर कॅम्परच्या खाली गेली. सिंकचा पाइप मी उघडाच सोडला होता. त्याच्या खाली तांदूळ धुतलेलं पाणी आणि डाळीचे चार दाणे. ती ओरडली नाही. "अस्वलाला पत्ता देताय," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बादली लावली तिच्यासमोर.

मग ती आमच्या शेजारच्या जागेकडं गेली. तिथले लोक पहाटे निघून गेले होते. त्या आठवड्यात स्टेज वन निर्बंध होते: रानात लाकडाची शेकोटी बंद, फक्त बटणानं बंद होणारी गॅसची शेगडी चालेल. एका पावसानं निर्बंध उठत नाहीत. तरी चुलाणात राख होती. ती वाकली, हातमोजा काढला आणि उलटा पंजा राखेवर धरला. मग राखेत घातला. आई ताप बघताना कपाळाला लावते तसा, उलटा. "ये, बघ," म्हणाली. मी हात घातला. वर गार राख, आणि दोन इंच खाली चटका.

२०१८ च्या जूनमध्ये ड्युरँगोजवळ ४१६ फायर नावाचा वणवा लागला, तेव्हा ५० हजार एकरांहून जास्त रान जळालं आणि सगळं सॅन वान फॉरेस्ट लोकांना बंद करावं लागलं होतं. ते ती मोजक्या शब्दांत बोलली आणि गाडीतून फावडं काढलं. पाण्याचे दोन्ही कॅन रिकामे. सकाळपासून अशी चार चुलाणं विझवून आली होती.

"तुमच्याकडं पाणी आहे?"

मी बायकोकडं पाहिलं. तीन दिवसांत आम्ही वाट्या मोजत नऊ गॅलन वापरलं होतं. ती टाकीच्या नळाखाली कॅन धरून बसलीसुद्धा. पाच गॅलन गेले. रेंजर ओतायची, मी फावड्यानं ढवळायचो, चर्र आवाज, राखेचा चिखल, परत ओतायचं. शेवटी तिनं परत उलटा पंजा घातला, मग माझा घालायला लावला. गार. थंड गाऱ्यासारखा. ती गेल्यावर बायकोनं हिशोब केला, की आता शुक्रवारऐवजी बुधवारीच खाली पाण्याला जावं लागणार.

मंगळवारी पहाटे पावसासारखा आवाज आला. कापडाच्या भिंतीची खिडकी उघडली तर मेंढरं. शेकड्यांनी, धुक्यातून, आमच्या दोन्ही बाजूंनी वर गवताळ कड्यांकडं चाललेली. पायरीवर एक मोठा पांढरा कुत्रा बसलेला. तो राखणीचा असतो, मेंढरांतच वाढलेला. हरवलाय समजून काही लोक त्याला गाडीत घालून गावात नेतात, म्हणून रस्त्याच्या तोंडाशी तसं न करण्याचे बोर्ड असतात. त्याला काही द्यायचं नाही, हात लावायचा नाही. आम्ही आत गुपचूप बसून राहिलो. पाठीमागून घोड्यावर मेंढपाळ आला. इथं हे काम करायला बरेचजण पेरूहून हंगामी व्हिसावर येतात. टोपीला हात लावला, शीळ घातली. कुत्रा उठला आणि गेला.

दिवाळीनंतर आमच्याकडं धनगरांचे वाडे उतरतात, घोड्यावर संसार, मागं कुत्री. गावात सिग्नल मिळाल्यावर बाबांना हे सांगितलं. डिस्पर्स्ड कॅम्पिंगमधली त्यांना पटलेली ही पहिली गोष्ट. "मग बसवली का रात्री तुमच्या रानात? लेंडीखत मिळालं असतं."

बुधवारी सकाळी खाली गेलो, टाकी भरली, कॅसेट रिकामी केली, बर्फ आणि बटाटे घेतले. दोन वाजता परत. जागा रिकामीच होती. गाडी उभी केली तेव्हा वाटी काढायचीही गरज पडली नाही, फळ्यांच्या खुणा मातीत तशाच होत्या.

गुरुवारी रात्री साडेआठला जेवत होतो. खालून गुरगुर ऐकू आली, थांबली, परत आली. झाडांतून उजेड हलायला लागला. आमच्यापुढं रस्ता दोनशे पावलांवर संपतो, तिथं नकाशात ठिपके नाहीत आणि वळायला जागाही नाही. एक मोठा पिकअप, त्यावर आमच्या दुप्पट कॅम्पर, आमच्या समोरून हळूच पुढं गेला. आतल्या माणसानं हात केला. मांडीवर फोन पेटलेला दिसला.

मी म्हणालो, "जाऊ दे, येईल परत."

बायकोनं ताट खाली ठेवलं, टॉर्च बांधला आणि बूट शोधायला लागली. मी मागून गेलो. गाडी शेवटच्या ॲस्पेनपाशी अडकल्यासारखी उभी, आत नवरा-बायकोचं काहीतरी चाललेलं. हिनं काचेवर टकटक केलं, मागं बोट दाखवलं, आणि उत्तराची वाट न बघता मागं जाऊन उभी राहिली. लाल दिवे लागले.

"येऊ दे," ती ओरडली. "येऊ दे, येऊ दे… डावीकडं दाब…"

त्याला काय कळलं कोण जाणे, पण चाकं डावीकडं वळली. एका ठिकाणी खड्डा होता, तिथं ती थांबली, हात वर केला.

"थांब!"

तो थांबला.